आधी तो तांब्या खाली ठेवा

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. एवढं एक वाक्य लोकांच्या गळी उतरवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावरही तेच चाललं आहे. संपादकांनी ‘तुमच्या क्षेत्रातले हृद्य अनुभव’ मागितले आहेत. हृद्य म्हणजे नेमकं काय ते मला ठाऊक नाही. हृदय ठाऊक आहे, ते बंद पडल्यावर काय करायचं तेही ठाऊक आहे, आणि ते करताना आपल्याच माणसांच्या शिव्या कशा खायच्या हेसुद्धा मी शिकले आहे. तेव्हा त्याबद्दलच लिहिते. कुणाला राग आला तर येऊ दे.

मी कल्याणच्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. बहुतेक वर्षं अपघात विभागात काढली, ज्याला आम्ही कॅज्युअल्टी म्हणतो. माझं माहेर ठाण्याचं, कोपरी गावातलं. सासर ठाकुर्लीच्या पलीकडचं, जुन्या आगरी वस्तीतलं. सासरे मिठागरात राबले, शेती केली. आता मिठागर नाही, भातशेती नाही, त्या जागी गगनाला भिडलेले टॉवर आहेत. आमची घरं मात्र अजून ओट्याला ओटा लावून उभी आहेत. एका घरात शिंक आली की समोरच्या घरातून ‘जीव रे’ ऐकू येतं.

कॅज्युअल्टीत जीव वाचवतात असं लोकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. जीव वाचायचा किंवा जायचा तो बऱ्याचदा आमच्या दाराशी येण्याआधीच ठरलेला असतो. स्ट्रेचरवरून माणूस आत येतो तेव्हा त्याच्यावर एक उपचार होऊन गेलेला असतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलेला. शर्टाचा पुढचा भाग ओला असला की मी ओळखायची, तांब्या येऊन गेला. नाकाला कांद्याचा वास आला की कांदा येऊन गेला. आणि गालावर धुळीचा पट्टा असला की चप्पल.

चप्पलेवरून एक रिक्षावाला आठवतो. त्याच्या रिक्षात एका तरुण प्रवाशाला फिट आली. यानं त्याला आमच्याकडे आणलं ते एका हातात चप्पल धरूनच.

"सिस्टर, चप्पल हुंगवली ना, तवा थांबली फिट," तो मोठ्या अभिमानानं म्हणाला.

मी म्हटलं, "अरे बाबा, ती आपली आपण थांबते. दोन-तीन मिनिटांत बहुतेकांची थांबते. तू नुसता उभा राहिला असतास तरी थांबली असती."

"पण थांबली ना?"

मग त्याला तिथंच दाखवलं. फिट आलेल्याला धरून दाबायचं नाही, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, आजूबाजूचं टणक सामान दूर सरकवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं, म्हणजे तोंडातला फेस बाहेर येतो, घशात जात नाही. आणि झटके पाच मिनिटांच्या वर चालले तर वाट न बघता उचलून आणायचं. त्यानं मान डोलावली. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण काही महिन्यांनी हाच पठ्ठ्या दुसऱ्या एकाला घेऊन आला, आणि दारातूनच ओरडला, "सिस्टर, कुशीवर झोपवला! तोंडात काय नाय घातला!" मी खूश झाले. मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "चप्पल पण दाखवली, पण लांबून."

भाजलेल्यांचं तर विचारूच नका. एकदा दिवाळीच्या तोंडावर चकलीचं तेल हातावर सांडलेली एक बाई आली. हातावर आधी टूथपेस्ट, तिच्यावर हळद, हळदीवर कणीक, आणि हे सगळं निघू नये म्हणून वरून साजूक तूप. नुसत्या कढीपत्त्याची कमी होती. ते सगळं खरवडून काढताना ती बाई जे ओरडली ते भाजल्यानं नव्हे, शेजारणींच्या प्रेमानं. भाजलं की नळाखाली हात धरा, चांगली वीस मिनिटं धरा, मग स्वच्छ कापड सैलसर गुंडाळा आणि या, एवढं साधं काम आहे. पण गंमत बघा. जिथं पाणी हवं तिथं आपण हळद लावतो, आणि जिथं पाणी नको तिथं तांब्या घेऊन धावतो.

त्या तांब्यानं माणसं दगावतात. डोंबिवलीच्या एका घरातले आजोबा जेवणाच्या टेबलावरच कलंडले होते. पक्षाघाताचा झटका. अर्धवट शुद्ध होती, घसा लुळा पडलेला. घर शिकलेलं, माणसं मायाळू. त्यांनी आधी पाणी पाजलं, मग साखरेचं पाणी, मग थोडं दूध. लुळ्या घशाला अन्नाची वाट कुठली आणि श्वासाची कुठली ते कळत नाही. सगळं फुप्फुसात उतरलं. मेंदूच्या झटक्यातून आजोबा कदाचित निभावलेही असते, पण छातीत भरलेल्या दुधानं गेले. मुलगा व्हरांड्यात माझ्यासमोर उभा राहून पुन्हापुन्हा एकच म्हणत होता, "पण सिस्टर, काहीतरी करायला तर हवं होतं ना?"

तेव्हा मला उमगलं की ते पाणी रुग्णासाठी नसतंच. ते आपल्या हातांसाठी असतं. समोर आपलं माणूस पडलेलं असताना रिकामे हात आपल्याला सोसत नाहीत. म्हणून नुसतं ‘पाणी पाजू नका’ सांगून भागत नाही, त्या हातांना दुसरं काम द्यावं लागतं. हे मला कळलं खरं. पण ते माझ्याच घरात, माझ्याच अंगणात मला भोगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमचे मोठे दीर काशिनाथ. सगळं गाव त्यांना दादूस म्हणायचं, म्हणून मीही दादूसच म्हणायची. दादूस म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं नर्सिंगचं शिक्षण झालेलं होतं, नोकरीही लागली होती, आणि पहिल्याच महिन्यात रात्रपाळी आली. सासूबाई म्हणाल्या, "रातची बाईमानूस कुठं जातं?" आमचे हे मान खाली घालून बसले. तेव्हा दादूस ओट्यावरून म्हणाले, "रातची भरती आली का तू मिठागरावर धावायचीस का नाय, आये? बांध फुटू नये म्हनून? मंग ही पन जाईल."

विषय संपला. नुसतं बोलून दादूस थांबले नाहीत. रात्रपाळीच्या दिवशी स्कूटर काढून ते मला स्टेशनपर्यंत सोडायला यायचे, कितीतरी वर्षं. वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. मी उतरले की म्हणायचे, "जा. बांध सांबाल." मला सख्खा भाऊ आहे, पण त्या भावापेक्षा या माणसावर माझा जीव जास्त होता. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे भावजय दिराला असलं काही सांगत नाही.

त्यांची बायको मंजुळावयनी. ती माझी मोठी जाऊ. तिचं घर आमच्या समोर, मध्ये अंगण आणि एक तुळस. तिच्या हातचं सुकटीचं कालवण आणि तिचा आवाज, दोन्ही गावाच्या वेशीपर्यंत पोचायचं. आम्ही भांडायचो, रुसायचो, पण संध्याकाळी एकाच पाटीतली मासळी निवडायचो.

दादूसना जाऊन आता वर्ष उलटून गेलं. शेजारच्या घरी मुलाची हळद होती. दुपार कलली होती. मांडवात धवलारीण बसून धवले म्हणत होती. धवलारीण म्हणजे आमच्या लग्नातली लग्नगाणी गाणारी म्हातारी, तिच्यावाचून आमचं लग्न लागत नाही. मी बायकांबरोबर मागच्या दारी वडे तळत होते. दादूस खुर्चीवर बसून उंबराची फांदी मांडवाला कशी बांधायची याचे हुकूम सोडत होते. तेवढ्यात गलका झाला. मी झारा टाकून धावले.

दादूस खुर्चीतून खाली पडले होते. चारपाच जणांनी त्यांना उचलून बसवलं होतं. कुणी तोंडावर पाणी मारत होतं, कुणी कांदा फोडत होतं. मी त्यांना सपाट आडवं करायला लावलं. मानेला हात लावला, नाडी नव्हती. छाती हलत नव्हती. मग तोंड एकदम मोठं उघडलं आणि घशातून एक ओढलेला, खरखरीत आवाज आला. थोडा वेळ शांत. पुन्हा तसाच आवाज.

"घरघर लागली!" मागून कुणीतरी म्हणालं.

इथं मला थांबून समजावून सांगितलं पाहिजे, कारण सगळी गोम इथंच आहे. घरघर लागली असं एकदा कुणी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांचं काम बदलतं. गाडी बोलवायला धावलेला माणूस परत फिरतो. कुणी तुळशीचं पान खुडतं, कुणी देव्हाऱ्यातली गंगेची कुपी शोधतं. बायकोनं, मुलानं तोंडात पाणी घालायचं, म्हणजे माणूस तृप्त होऊन जातो. नाही घातलं तर तहानलेला जातो, आणि ती तहान घराच्या पाठी लागते. म्हणजे घरघर ही गावाला निरोपाची खूण वाटते.

माझ्या धंद्यात ती खूण वेगळी आहे. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. हृदय अचानक बंद पडलं की मेंदूनं मरता मरता घशाला दिलेले ते धक्के असतात. म्हणजे माणूस अजून गेलेला नाही, आणि त्याला परत ओढायची वेळ असेल तर ती हीच, हीच काही मिनिटं. याच मिनिटांत आपण हातातलं काम टाकून त्याला निरोप द्यायला लागतो. जिवंत माणसाला आपण किती वेळा असा निरोप दिला असेल, देव जाणे.

मी दादूसच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि दाबायला लागले. जोरात, भराभर. हृदय स्वतः रक्त ढकलत नाही तेव्हा ते बाहेरून ढकलावं लागतं, एवढीच यातली विद्या. दाबता दाबताच त्यांच्या मुलाला, रोशनला ओरडले, "एकशे आठला फोन लाव! छाती बंद पडली म्हणून सांग!" आमच्या ह्यांना म्हटलं गल्लीतल्या गाड्या काढा. गाड्या पाहुण्यांच्या होत्या, चाव्या कुणाकुणाच्या खिशात होत्या.

मंजुळावयनी तेव्हा आली. हातात तांब्या, तांब्यावर तुळशीचं पान. डोळे कोरडे, चेहरा अगदी शांत. ती आपलं कर्तव्य करायला आली होती.

"सुमन, सोड त्यांना. पानी देऊ दे."

"वयनी, तांब्या खाली ठेव."

"अगो, घरघर लागलीय. शेवटचा घोट देऊ दे मना."

"ठेव तांब्या! आधी तो तांब्या खाली ठेव!"

ती गुडघ्यावर बसली आणि तांब्या दादूसच्या तोंडाला लावायला गेली. माझे दोन्ही हात छातीवर. ते उचलले असते तर जे काही रक्त मेंदूकडे जात होतं ते थांबलं असतं. मी कोपरानं तांब्याला टोला मारला. तांब्या उडाला, मांडवभर घरंगळत जाऊन धवलारणीच्या पायाशी थांबला. धवले बंद पडले. सगळं गाव बघत होतं. त्याच वेळी माझ्या हाताखाली एक बरगडी मोडली. तो आवाज मी नोकरीत कितीतरी वेळा ऐकला आहे, पण त्या दिवशी तो सगळ्यांनी ऐकला.

"मारतंय ही! माज्या मानसाला मारतंय!" वयनी किंचाळली.

मी दाबत राहिले. पाळी घ्यायला कुणी पुढे येईना, हात लावायला सगळे घाबरत होते. गाडी यायला वेळ लागला. ती आली, तिच्यातल्या डॉक्टरांनी यंत्राचा झटका दिला, आणि दादूसचं हृदय पुन्हा चालू लागलं. मॉनिटरवरची ती रेघ मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी तिथंच बसकण मारली आणि रडले.

दादूस अतिदक्षता विभागात काही दिवस होते. घशात नळी होती, त्यामुळे तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि काचेपलीकडच्या वयनीकडे पाहिलं, असं रोशन सांगतो. तिथल्या डॉक्टरांनी रोशनला स्पष्ट सांगितलं, "इथपर्यंत आले ते तुमच्या काकींमुळे." पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. दादूस गेले.

मी हरले हे खरं आहे. पण मी चुकले नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवायला मला माझ्या नोकरीनं शिकवलं.

गावाला त्या वेगळ्या वाटत नव्हत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं दहा दिवस चाललं. कुणी म्हणे बरगडी फुप्फुसात घुसली. कुणी म्हणे सिस्टरला आपली हुशारी दाखवायची होती. दहाव्याला सगळे जमले तेव्हा गावातल्या एका जाणत्यानं मला समोर बोलावलं.

"सुमन, झाला ता झाला. तू वयनीची माफी माग, म्हंजे तिचा जीव थंड होईल."

वयनी भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "माजा मानूस तान्हेला गेला. हिच्यामुलं."

तिच्या पायाशी बसून तिला मिठी मारावी असं वाटलं. पण माफी? मी म्हटलं, "वयनी, दादूस गेले त्याचं दुःख मला तुझ्याएवढं नसेल, पण आहे. तुझ्या हाताला लागलं असेल तर त्याबद्दल हात जोडते. पण पाणी अडवलं त्याची माफी मी मागणार नाही. उद्या इथं बसलेल्या कुणाला घरघर लागली तरी मी पाणी अडवीन. तुला लागली तरी."

जमलेल्यांत कुजबुज झाली. वयनी उठून आत गेली.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" बिचाऱ्यांचं दोन्हीकडून मरण होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, "उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडात तांब्या जाईल, आणि लोक म्हणतील, सिस्टरनंच नंतर माफी मागितली होती, म्हणजे पाणी द्यायलाच हवं. त्या माणसाचं काय?" नंतर ह्यांनी हा विषय काढला नाही, पण माझ्या बाजूनं कुठं बोललेही नाहीत. त्याचा मला अजून थोडा राग आहे, तोही इथं नोंदवून ठेवते.

वयनीनं माझ्याशी बोलणं टाकलं. समोरची खिडकी बंद झाली. मासळीची पाटी दोन घरांत वेगळी यायला लागली. अंगणातली तुळस तेवढी दोघींची राहिली. ती सकाळी पाणी घालायची, मी संध्याकाळी.

तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय. मला ती विहीर आधी खणायची होती, आणि ती याच गावात. देवळाच्या सभामंडपात प्रथमोपचाराचा वर्ग घेऊ द्या म्हणून विचारलं. मंडळी म्हणाली, "आता वातावरण तापलंय, नंतर बघू." मग मी माझ्या स्वतःच्या ओट्यावर वर्ग सुरू केला, वयनीच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. मुद्दाम? हो, मुद्दाम. मला लपूनछपून काही करायचं नव्हतं.

नर्सिंग शाळेत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं त्यांच्याकडचा जुना सरावाचा पुतळा दिला. नुसतं डोकं आणि धड. छातीत स्प्रिंग, पुरेसं खोल दाबलं की ‘टक्’ असा आवाज होतो. आम्ही त्याचं नाव ठेवलं पाहुणा. आठवडाभर तो आमच्या कपाटावर बसलेला असतो आणि येणारेजाणारे दचकतात. पहिल्या रविवारी टॉवरमधली दोन जोडपी आणि एक वॉचमन आला. गावातल्या बायका आपापल्या दारातून मासळी निवडता निवडता बघत होत्या. तिसऱ्या की चौथ्या रविवारी एक म्हातारी न राहवून ओट्यापर्यंत आली, पाहुण्याला नीट न्याहाळून म्हणाली, "याला हात नाय, पाय नाय. हा जगून करनार काय?"

सगळे हसले आणि मग बसले. मी दरवेळी तेच सांगते. हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही, नीट श्वास नाही, तर गाडी बोलवा आणि दाबायला लागा. घशातला तो खरखरीत आवाज श्वासात धरू नका. छातीच्या मधोमध, दोन इंच खाली, सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्याला द्या, पण थांबू नका. बरगडी मोडेल? मोडू दे. मोडलेली बरगडी जुळते, गेलेला माणूस परत येत नाही. आणि पाणी? बेशुद्ध माणसाला पाणी नाही. घोटभरही नाही, गंगेचंही नाही.

ही शेवटची वाक्यं मी जरा मोठ्यानं म्हणायची. समोरच्या बंद खिडकीला ऐकू जावीत म्हणून. गणपतीच्या आसपास ती खिडकी किलकिली झाली. नवरात्रात एक फळी उघडी राहायला लागली. आत कोण आहे ते दिसत नव्हतं, पण ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दादूसचं वर्षश्राद्ध झालं. मला जेवायला बोलावणं आलं नाही. पुढच्याच रविवारी वर्ग भरला होता, एक बाई पाहुण्यावर सराव करत होती, आणि समोरचं दार उघडलं. मंजुळावयनी अंगण ओलांडून आली. हातात तोच तांब्या. मांडवात आपटल्याचा पोचा त्याच्या पोटावर तसाच होता, तिनं तो काढून घेतला नव्हता. मला वाटलं, आता हा माझ्या डोक्यात बसणार.

ती पाहुण्याजवळ उभी राहिली. म्हणाली, "मना दाखव. त्या दिवशी किती जोरान दाबलास तू?"

मी तिचा हात धरून पाहुण्याच्या छातीवर ठेवला. वर्षभरानं तिच्या हाताला हात लागला. तिनं तांब्या बाजूला ठेवला, गुडघे टेकले, दाबलं. आवाज आला नाही.

"अजून जोरात," मी म्हटलं.

पुन्हा नाही.

"अजून. अंगाचा भार टाक."

‘टक्’ झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग दाबतच राहिली. टक्, टक्, टक्. भाताची पेंढी झोडलेले हात ते, पण वय झालेलं. थोड्याच वेळात कपाळावर घाम आला, पदर खांद्यावरून घसरला, श्वास फुलला. एका बाईनं "मी घेऊ का?" विचारलं. वयनीनं मानेनंच नाही म्हटलं. शेवटी दोन्ही हात चालेनासे झाले तेव्हा ती थांबली.

"कवापर्यंत दाबायचा?"

"गाडी येईपर्यंत."

"गाडी आली तवापर्यंत तू एकटीच दाबत व्हतीस?"

"हो."

तिनं पाहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग हाडं मोडनारच गो."

माझ्या डोळ्यांना धार लागली. तिच्या नाही. ती माझ्यासारखीच हट्टी आहे.

"पन एक घोट, सुमन?" ती म्हणाली. आवाज आता वेशीपर्यंत जाणारा नव्हता. "एक घोट दिला असता तर?"

सगळा ओटा माझ्याकडे बघत होता. खोटं बोलून तिला हलकं करणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "नाय, वयनी. तो घोट छातीत गेला असता. काचेतून तुझ्याकडे बघायला दादूस डोळे उघडू शकले नसते."

तिला पटलं की नाही, मला आजही ठाऊक नाही, मी विचारलेलं नाही. ती धापा टाकत तशीच बसून राहिली. ओठ कोरडे पडले होते. मी उठले, तो पोचा पडलेला तांब्या उचलला, आत जाऊन माठातल्या पाण्यानं भरला आणि तिच्यासमोर धरला.

"आता कशाला पानी देतंस?" ती फणकारली.

"तू शुद्धीवर आहेस, वयनी. पी."

ती अर्धा तांब्या पाणी घटाघट प्यायली. मग उठली, अंगणात उतरली आणि उरलेलं पाणी हळूहळू, एका धारेनं तुळशीच्या मुळाशी सोडलं.

"हे त्यांच्या वाटचं," ती म्हणाली.

ते पाणी मी अडवलं नाही.

रिकामा तांब्या घेऊन ती परत ओट्यावर आली, तो पाहुण्याच्या उशाशी खाली ठेवला, पदर खोचला आणि तोंडाला पदर लावून बसलेल्या बायकांवर खेकसली, "बगता काय गो? या, दाबा."